येस सर

जानेवारीतला दुसरा रविवार.
टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाच्या अलीकडे,
म्हाळसाकांत मुचंडीकरकडे आम्ही जमतो.
आधी गच्चीवर जमायचो. मग हॉलमध्ये.
यंदा त्याने खुर्च्या खालीच मांडल्यात, गाडीच्या जागेत.
गाडी विकली. डोळ्यांनी.

एम.एस्सी. रसायन, धारवाड, एकोणसत्तर.
बॅच बावीस जणांची. आलेत सात,
त्यात एक वॉकर, दोन कानातली यंत्रं
आणि साखर चालत नसताना आणलेला
दीड किलो कुंदा.

"काय करूलालास सध्या?"
"काय करणार बा, हयातीचा दाखला देऊलालोय."
भरमाप्पा उपाध्येने वडगावातले माग मोडीत काढले,
लोखंडाच्या भावाने गेले म्हणतो,
आणि रात्री आवाज नाही म्हणून झोप लागत नाही.
पास्कलने कॅम्पातलं घर भावाशी भांडून जिंकलं,
आता भाऊ वारला, आणि घरात
भांडायला कोणी नाही.
प्रेमिला कंग्राळकरने खानापूरला मधमाश्या पाळल्यात.
या वयात? या वयातच, म्हणते ती,
आता चावलं तरी सूज कुणाला दाखवायची आहे.
तिच्या पिशवीत अजून ती निळी साडी असते,
प्रॅक्टिकलला अ‍ॅसिड उडून पडलेल्या भोकांची.
दरवर्षी आणते. दरवर्षी आम्ही भोकं मोजतो.
अकरा. यंदा बारा भरली.
एक कसरीचं असणार.

इराण्णाला त्याचा मुलगा बैलहोंगलहून घेऊन आला.
"अप्पांना आता माणसं ओळखू येत नाहीत,
मराठी तर पार गेली, काका," तो म्हणाला
चांगल्या मराठीत.
ती मराठी इराण्णा आमच्याकडून शिकला होता,
होस्टेलच्या सतरा नंबर खोलीत,
शिव्यांपासून सुरुवात करून.
आम्ही त्याच्याकडून कन्नड शिकलो, तेही तिथूनच.
पुढे मोर्चे निघाले, पाट्या बदलल्या,
गावाच्या नावाची अक्षरं बदलली;
आम्ही दोघं वर्षभर बोललो नाही एकदा,
मग त्याच्या आईचं कळलं आणि मी गेलो,
भाकरी खाऊन आलो. विषय निघाला नाही.

जेवणानंतर मुचंडीकर वही काढतो.
सरांच्या आवाजात हजेरी घेतो, बारीक अनुनासिक.
हा खेळ जुना.
आणि प्रॉक्सीचा मान इराण्णाचा.
तेव्हा आम्ही रीझ टॉकीजला असायचो
आणि तो एकटा वर्गात आठ जणांचा असायचा,
आठ आवाजांत.

"रोल नंबर तीन."
तीन म्हणजे नांदगडकर. दोन हजार अकरात गेला.
आम्ही इराण्णाकडे पाहायचं टाळलं.
तो कुंद्याच्या बशीत बोट फिरवत होता.
"येस सर,"
नांदगडकरचा आवाज. तोच, नाकात सर्दी असलेला.
मुलगा उठून उभा राहिला.
"सात."
"येस सर." अत्तर लावणारा मुल्ला.
"नऊ. बारा."
"येस सर. येस सर!" दुसरा जरा उशिरा,
बारा नंबर नेहमी धावत यायची म्हणून, धापेसकट.
भरमाप्पा चष्मा पुसायला लागला,
आणि पुसतच राहिला.

"सतरा."
कोणी बोललं नाही.
तिसऱ्या गेटाकडून गाडीची शिटी आली, गेली.
"रोल नंबर सतरा?"
इराण्णा आमच्यावरून नजर फिरवत होता,
एकेका खुर्चीवर थांबून,
आज कोण आलं नाही
आणि कुणासाठी आवाज बदलायचा,
हे शोधत.

मग प्रेमिला उठली. साडी मांडीवरून घसरली.
छाती फुगवून, बैलहोंगलच्या जाड गळ्यात,
तिने म्हटलं, "येस्स सार."
इराण्णा हसला. मान डोलावून, जाणकारासारखा,
चांगली जमली म्हणून.

मुचंडीकरने वहीत खूण केली.
पेन चालेना, म्हणून ती दोनदा गिरवली.
"अठरा," तो म्हणाला.

अठरा मी.
घसा साफ करायला
मला जरा वेळ लागला.